ओमाहा किनारा, १:३५ डायोरामा: प्रगती नोंद ४

ओमाहा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य उतरलं तो फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा किनारा; डायोरामा म्हणजे त्या दृश्याची ३५ पट लहान प्रतिकृती. तळफळी ६० × ४० सेंमी, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम २१ बाय १४ मीटर जागा. ६ जून १९४४ च्या सकाळी पहिल्या तुकड्या उतरल्या तेव्हा ओहोटीमुळे पुढे साधारण २७५ मीटर उघडी वाळू होती. ती पूर्ण दाखवायला जवळजवळ आठ मीटरचं टेबल लागेल. म्हणून टेकडी नाही, बंकर नाही. फक्त सैनिक उतरवणाऱ्या बोटीचा पडलेला रॅम्प (पुढचं दार), मांडीभर पाणी आणि जर्मनांनी रोवलेले अडथळे.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) पाहिलेल्याच्या हातून नकळत त्यातलाच किनारा बनतो. तो गोंधळ, ती भीती पडद्यावर इतक्या ताकदीने क्वचितच आली आहे. पण मोजमाप तिथून घेऊ नका. चित्रपटात रेंजर्स (अमेरिकी कमांडो) हिगिन्स बोटीतून (एलसीव्हीपी, सैनिक उतरवणारी अमेरिकी बोट) येतात. डॉग ग्रीन या ओमाहाच्या पट्ट्याच्या बाजूला उतरलेले खरे रेंजर्स त्याच कामाच्या ब्रिटिश एलसीए बोटींतून आले होते. आपला इटालेरी कंपनीचा मॉडेल-संच एलसीव्हीपीचाच, त्यामुळे जागा बदलून ओमाहाचाच दुसरा पट्टा, ईझी रेड घेतला. तिथे अमेरिकी पहिल्या डिव्हिजनची माणसं एलसीव्हीपीतून उतरली. दोन हेल्मेटांवर काढलेला रेंजर्सचा नारिंगी चौकोन खरवडून टाकला.

दुसरी चूक ओंडक्यांच्या उतरणीची, म्हणजे बोटी अडवायला वाळूत तिरपे रोवलेल्या ओंडक्यांची. चित्रपटात तिचं उंच टोक समुद्राकडे आहे. प्रत्यक्षात बुटकं टोक समुद्राकडे आणि उंच टोक जमिनीकडे असायचं. भरतीला बोट ओंडक्यावर चढावी आणि उलटावी किंवा सुरुंगावर आदळावी, हा हेतू. मुख्य ओंडक्याला डाळिंबाची ७ मिमी जाड सुकी फांदी, १२ सेंमी लांब. त्यावरच्या टेलर सुरुंगासाठी (बशीसारखा जर्मन रणगाडाविरोधी सुरुंग) दीड मिमी प्लॅस्टिक शीटच्या ९ मिमी व्यासाच्या दोन चकत्या एकावर एक.

बोटीचं अंग प्लायवूडचं, रॅम्प पोलादी. गंज फक्त रॅम्पवर. बाजूंवर गंजाचे ओघळ काढले की जाणकाराला ते लगेच खटकतं. तिथे रंग उडालेला दाखवायचा तर खाली लाकूड दिसलं पाहिजे.

पाणी म्हणून ओतलेल्या पारदर्शक रेझिनचा पहिला थर बिघडला. वाळू सीलबंद नव्हती, तिच्यातली हवा रेझिनमधून वर आली आणि किनाऱ्यालगत बारीक बुडबुड्यांची पट्टी गोठली. ती खरवडून वाळूवर पातळ फेविकॉलचे दोन हात दिले, मधे पूर्ण सुकू दिलं. पाण्याचा भाग अर्ध्या फळीचा. ३ मिमी थराला साधारण ३९० ग्रॅम लागतं. आपल्या रेझिनचं प्रमाण वजनाने २:१, म्हणजे २६० ग्रॅम रेझिन, १३० ग्रॅम हार्डनर. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका, काटा वापरा. हार्डनर कमी-जास्त झालं की थर चिकट राहतो. एकदम जाड ओतलं तर ते तापतं आणि खालचा थर्माकोल बसतो. पावसाळी दमट हवेत वर पांढुरकी साय येते, म्हणून ओतकाम कोरड्या दिवशीच.

रंगाबद्दल एकच: चित्रपटात रंग मुद्दाम उतरवले आहेत. तो करडेपणा वाळूला देऊ नका. कोरडी वाळू फिकट बदामी, ओली त्याहून दोन छटा गडद, आणि ग्लॉस वार्निश फक्त ओल्या रेषेपर्यंत. लोकरी पँटही मांडीपर्यंत गडद.

आता राहिल्या रायफली. एम१ (सैनिकांची रायफल) या मापात ३.२ सेंमी भरते आणि पाण्यापासून बचावाची पारदर्शक पिशवी तिच्यावर हवी. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म फार जाड दिसते. काचेवर पसरून सुकवलेला फेविकॉलचा पापुद्रा चांगला बसतोय. सहापैकी दोन झाल्या.