सहा पाकिटं आणि एक दाढ

चिनू ही कुत्री सोमवारी सकाळी आमच्या कोल्हापूरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्याबरोबर एक कापडी पिशवीही होती. पिशवीत डॉगफूडची सहा उघडी पाकिटं, प्रत्येकाला रबरबँड लावलेला. "मॅडम, ही काही खातच नाही बघा. नऊ महिने झाले. एवढं सगळं आणून झालं. आता तुम्हीच एक चांगलं नाव सांगा," तिला घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या. त्यांच्यासोबत त्यांचे सासरे होते आणि शाळेला दांडी मारलेला मुलगा.

चिनू पाच वर्षांची, नसबंदी झालेली मादी. आपल्याकडे जिला सरसकट पॉमेरियन म्हणतात ती, म्हणजे इंडियन स्पिट्झ. काट्यावर वजन भरलं ९ किलो ६०० ग्रॅम. मागच्या वर्षीच्या लसीच्या वेळी कार्डावर ७ किलो ९०० लिहिलेलं होतं. बरगड्यांवरून हात फिरवला तर बोटांना बरगडी लागेना आणि वरून पाहिलं तर कंबर दिसेना. काहीच न खाणारं कुत्रं नऊ महिन्यांत असं भरत नाही. थायरॉइड मंदावलं तर कमी खाऊनही वजन वाढतं, त्यामुळे ती तपासणी करायचीच होती. पण आधी हिशेब मांडायला घेतला.

"कुत्रं काय खातं?" असं विचारलं की ताटलीत काय असतं तेवढंच कळतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं, आणि प्रश्न असा हवा: सकाळी उठल्यापासून तुमच्या हातून तिला काय जातं? आजोबा म्हणाले, "मी चहाबरोबर बिस्किट देतोय फक्त." किती? चार. ग्लुकोज बिस्किटाच्या १०० ग्रॅममागे सुमारे ४५० कॅलरी असतात, म्हणजे चार छोट्या बिस्किटांच्या ९०. ताईंच्या हातून अर्धी चपाती आणि तिच्यावर चमचाभर तूप, १०५. मुलगा शाळेतून आल्यावर चीजचा एक क्यूब, ६०. संध्याकाळी वाटीभर म्हशीचं दूध, ११०. रात्री उकडलेल्या चिकनचे तीन-चार तुकडे, ८०. आणि 'हे तर तिचंच आहे' म्हणून न मोजलेल्या दोन चघळकांड्या, ६०. बेरीज ५०५. घरातच वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या साडेनऊ किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण ४५० ते ५०० कॅलरी पुरतात. ताटली पुढ्यात येण्याआधीच तिचं पोट भरत होतं.

कागद पुढे सरकवला तेव्हा ताई एकदम गप्प झाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरातला प्रत्येकजण आपल्यापुरतं थोडंसंच देत होता, आणि बेरीज कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती.

मग पाकिटं टेबलावर मांडली. पहिलं पिल्लांचं होतं. दुकानदारानं 'याला चव जास्त असते' म्हणून दिलेलं. चव असते ती चरबीमुळे, आणि कॅलरीही तेवढ्याच वाढतात. दुसऱ्या पुड्यावर काहीच छापलेलं नव्हतं, कारण तो मोठ्या पोत्यातून सुटा घेतलेला. नाकाशी धरल्यावर जुन्या तेलासारखा, घरात उरलेल्या ऑइलपेंटसारखा वास आला. दाण्यांवर वरून फवारलेली चरबी हवेत उघडी राहिली की खवट होते आणि आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशीचीही जोड मिळते. हा पुडा न खाणं हा चिनूचा नखरा नव्हता. तिचं नाक माझ्यापेक्षा कितीतरी तिखट, तिनं योग्य तेच केलं होतं. सुटं डॉगफूड स्वस्त पडलं तरी घेऊ नका, हे मी दुकानदाराच्या तोंडावरही सांगते.

तिसरं ग्रेव्हीचं पाऊच. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं की हे पूरक खाद्य आहे. रोजच्या पूर्ण जेवणासाठी जे असतं त्यावर 'संपूर्ण आणि संतुलित' अशा अर्थाचे शब्द आणि कोणत्या वयासाठी ते छापलेलं असतं. पाकीट हातात घेतल्यावर पहिली ही ओळ शोधायची, पुढच्या बाजूचा मांसाच्या तुकड्याचा फोटो नाही. पाऊचवर प्रोटीन ८ टक्के पाहून ताईंना ते हलकं वाटलं होतं आणि दाण्याच्या पाकिटावरचे २४ टक्के दणदणीत. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी. पाणी वजा करून उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रोटीन, म्हणजे ४० टक्के. दाण्यात पाणी १० टक्के, तेव्हा ९० मध्ये २४, म्हणजे जेमतेम २७. ओलं आणि कोरडं खाद्य असं पाणी काढूनच तोलायचं. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला पाणी वजा जाता निदान १८ टक्के प्रोटीन आणि साडेपाच टक्के चरबी लागते. बाजारातली बहुतेक पूर्ण खाद्यं याच्या वरच असतात.

उरलेली तीन पाकिटं तशी बरी होती. ती का नाकारली गेली ते वेळापत्रक ऐकून कळलं. नवीन पाकीट आलं की दोन दिवस आवडीनं खायचं, तिसऱ्या दिवशी हुंगून बाजूला व्हायचं. मग त्यावर चिकन पडायचं, तेही नको झालं की नवं पाकीट. नव्या चवीचं आकर्षण कुत्र्याला असतंच. ते ओसरलं आणि तोंड फिरवल्यावर दर वेळी आणखी चांगलं काहीतरी आलं, तर ते तोंड फिरवायला शिकणारच.

इथवर सगळं जुळलं होतं. वजन, हिशेब, पाकिटं. खाऊ बंद करा, मोजून द्या, महिन्यानं या, एवढं लिहून मी चिठ्ठी देऊ शकले असते. पण न खाण्याची तक्रार असलेलं कुत्रं खाताना पाहिल्याशिवाय पाठवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. बऱ्या पाकिटातले दहा दाणे ताटलीत टाकले.

चिनू लगेच पुढे आली. दाणा उचलला, मान डावीकडे कलती केली, एकदा चावला आणि खाली टाकला. दुसराही तसाच. तिसरा न चावता गिळला. मग तेच दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिले तर तिनं ताटली चाटून पुसली. जिला नको असतं ती हुंगून निघून जाते. जी ताटलीपाशी येते, उचलते आणि टाकते, तिला खायचं असतं, पण जमत नसतं. घरी हा फरक कुणाच्या लक्षात आला नव्हता, कारण दाणे खाली सांडलेले दिसले की 'टाकून दिलं' एवढंच दिसतं.

ओठ वर करून पाहिलं. डावीकडे दातांवर थोडंसं कीटण, उजवीकडे मात्र जाड पिवळा थर. दुखरी बाजू चावायला वापरली जात नाही, म्हणून घासली जात नाही, आणि तिथे कीटण जास्त साठतं. उजव्या वरच्या जबड्यातली मोठी कातरदाढ, आमच्या नोंदीत क्रमांक १०८, बाहेरच्या बाजूनं पापुद्रा निघावा तशी उभी फुटली होती आणि मध्ये काळपट ठिपका दिसत होता, म्हणजे आतली नस उघडी पडली होती. त्या बाजूला डोळ्याखाली बोटानं हलकं दाबलं तर चिनूनं डोकं मागे खेचलं. या दाढेची मुळं तिथवर पोचतात. पू झाला की सूज डोळ्याखाली येते आणि लोक डोळ्याचा आजार समजून येतात.

"हाड देता का?" मी विचारलं.

"दर रविवारी. मटणाची नळी," आजोबा म्हणाले. "दात घट्ट होत्यात म्हणून."

हा समज फार जुना आणि फार पसरलेला. नळीचं हाड दात फुटेल इतकं कडक असतं आणि कुत्रं ते नेमकं याच दाढेखाली कात्रीसारखं धरतं. चघळायला द्यायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून पाहावं. नखाचा वळ उठला नाही तर ती वस्तू दातासाठी फार कडक. शिंग, खूर, नळी यांपैकी एकही या परीक्षेत उतरत नाही.

मटणाचा विषय निघालाच होता, म्हणून पुढचंही विचारलं. दाणे खावेत म्हणून त्यांवर मटणाचं अळणी पाणी घालत होते. अळणी म्हणजे आपण तिखट-मसाल्यावाचूनचं समजतो, पण त्यात कांदा, लसूण आणि मीठ असतंच. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्यानं त्याचा अपाय कमी होत नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की धोका असतो. चिनूसाठी ते ४८ ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. लसूणही त्याच जातीचा. रोज थोडं थोडं गेलं तरी पेशींना त्रास साचत जातो. भूक लागावी म्हणून पाणी घालायचंच असेल तर बिनमिठाचं, बिनकांद्याचं, नुसतं चिकन उकडलेलं पाणी, चरबी काढून.

त्याच दिवशी रक्त घेतलं. हिमोग्लोबिन १३.१, म्हणजे ठीक, आणि स्लाइडवर कांद्यानं पेशींत उमटणारे डाग नाहीत. प्लेटलेट पुरेशा, म्हणजे गोचीडतापाची शंका मागे पडली. आमच्या भागात भूक मंदावलेल्या प्रत्येक कुत्र्यात ती आधी दूर करावी लागते. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड व्यवस्थित. गुरुवारी भूल देऊन दाताचा एक्स-रे काढला तर एका मुळाच्या टोकाशी हाड विरघळल्याची काळी सावली होती. या दाढेला तीन मुळं असतात, त्यामुळे ओढून काढायला गेलं की मूळ मोडून आत राहतं. हिरडी उचलून, दाढेचे तीन भाग कापून, एकेक मूळ सैल करून काढलं आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी हिरडी बंद केली. दोन आठवडे फक्त भिजवलेलं खाणं. वेदनाशामक आम्ही दिलं तेवढंच द्यायचं, हे तीनदा बजावलं. माणसांची आयबुप्रोफेनची गोळी घरात असते आणि ती कुत्र्याच्या जठराला व्रण पाडते, मूत्रपिंड निकामी करते.

आता ताईंचा मूळ प्रश्न. कोणतं घ्यायचं? नवं काहीच नाही. त्या तीन बऱ्या पाकिटांतलं प्रौढ कुत्र्यांचं, लहान दाण्याचं, ज्यावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी असा आकडा स्पष्ट छापलेला होता, तेच ठेवलं. आकडा छापलेला नसेल तर मोजून देता येत नाही, म्हणून असं पाकीट मी शक्यतो सुचवत नाही.

किती द्यायचं ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ताईंकडूनच करून घेतलं. जे वजन गाठायचं ते तीनदा गुणायचं: ८ गुणिले ८ गुणिले ८, ५१२. वर्गमूळ काढायचं, पुन्हा एकदा वर्गमूळ काढायचं, येतात ४.७६. त्याला ७० नं गुणलं की ३३३. वजन उतरवायचं असताना दिवसाला एवढ्याच कॅलरी. त्यातला दहावा भाग, ३३, खाऊसाठी. उरलेल्या ३०० कॅलरींचे ८१ ग्रॅम दाणे, सकाळी ४१, रात्री ४०. मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटाच हवा. वाटीनं मोजलं की हात सैल सुटतो, आणि एवढ्या लहान जिवाला १५ ग्रॅम जास्त म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त.

भिजवताना ४० ग्रॅमला पाव वाटी कोमट पाणी, दहा मिनिटं. बोटाला ऊन लागेल इतपत, कारण अन्न अंगाच्या उष्णतेजवळ आलं की वास उठतो आणि रुसलेलं कुत्रं आधी वासानंच वळतं. ताटली वीस मिनिटं ठेवायची, मग न बोलता उचलायची. उरलेलं भिजलेलं टाकून द्यायचं, उन्हाळ्यात तर लगेच. मध्ये काही नाही. मात्र हा नेम तपासणी होऊन निरोगी ठरलेल्या प्रौढ कुत्र्यासाठीच आहे. लहान जातीची पिल्लं उपाशी राहिली तर रक्तातली साखर घसरून झटके येतात, मधुमेही कुत्र्याचं इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं असतं. आणि प्रौढ कुत्रं चोवीस तास काहीच खात नसेल, किंवा न खाण्यासोबत उलटी, सुस्ती असेल, तर वाट पाहत बसायचं नाही.

पाकीट लहान घ्यायचं, महिना-सव्वा महिन्यात संपेल असं. मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बांधून, पिशवीसकट डब्यात ठेवायचं. डब्यात ओतलं की तळाला जुनी चरबी चिकटून राहते आणि नवे दाणेही तिच्या वासानं बिघडतात. पुढे कधी खाद्य बदलायची वेळ आली तर पाव, अर्धा, पाऊण असं करत सात ते दहा दिवसांत.

सगळ्यात अवघड होते आजोबा. "चहाला ती माझ्यापुढंच बसती हो. तिला काय नको म्हणू?" त्यांचा आवाज कापत होता, आणि पाच वर्षांची सवय मला तोडायचीही नव्हती. सकाळच्या ४१ ग्रॅममधले दहा दाणे वेगळ्या वाटीत काढून त्यांच्या कपाशेजारी ठेवायचे, असं ठरलं. जेवणातलेच, वेगळे नाहीत.

पहिले दोन दिवस चिनूनं अर्धी ताटली सोडली. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, संपवली म्हणून. सहा आठवड्यांनी वजन ८ किलो ९००, म्हणजे आठवड्याला एक-सव्वा टक्का. हाच वेग आम्हाला हवा असतो. हिरडी भरून आली होती, उजव्या बाजूच्या दातांवर पुन्हा थर धरला नव्हता. आजोबांनी खिशातून छोटी डबी काढली, कोरडा दाणा तळहातावर धरला, आणि चिनूनं तो मान सरळ ठेवून कुडुम्‌ करून फोडला.