सोनं उडालं, मग नाव सापडलं

ओढ्याकाठच्या बेशरमीच्या पानावर तो भुंगेरा दिसला, तेव्हा सोन्याची टिकलीच वाटली. कडेने काचेसारखी आरपार झालर, खाली सहा पाय. लेडीबर्ड म्हणून मोकळा झालो. घरी आणला, मेल्यावर टाचणीवर लावला. चार दिवसांनी पाहतो तर मळकट तपकिरी टरफल. वाटलं, उन्हाने रंग उडाला.

रंग नव्हताच तो. कठीण पंखांतल्या पातळ थरांवरून प्रकाश परततो आणि ती झळाळी थरांतल्या ओलीवर टिकते. ओल गेली की सोनं संपलं. म्हणजे माझ्याकडची सर्वांत ठळक खूण ओळखीसाठी निकामी!

मग भिंग घेऊन पाय मोजायला बसलो. लेडीबर्डच्या पावलाला तीनच पेरं दिसतात, याला चार. तीनदा चुकलो, पण चारच. म्हणजे हा पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळातला. या कुळात तीस हजारांहून जास्त जाती आहेत, तेव्हा आनंद फार टिकला नाही. (गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगेराही याच कुळातला. त्यालाही लोक लेडीबर्डच समजतात, एवढाच दिलासा.)

उपकुळापाशी खरा घोळ झाला. भुंगेऱ्यांचे अभ्यासक समरेंद्र मौलिक यांच्या १९१९ च्या ग्रंथात कासवासारखे कॅसिडिनी वेगळे, काटेरी हिस्पिनी वेगळे. नव्या याद्यांत दोन्ही मिळून एकच कॅसिडिनी. माझा विश्वास बसेना. आमच्या भातावरचा हिस्पा पाठीवर काटे घेऊन फिरतो, निळा भुंगेरा लांबट नि गुळगुळीत, आणि हे माझं कासव. तिघं एका घरचे? पण हिस्पा भिंगाखाली उलटा ठेवला तेव्हा पटलं. तोंड तसंच खाली वळलेलं, मिशांची मुळं तशीच एकमेकींना खेटून. पाठ पाहत बसलो ही माझी चूक.

पुन्हा ओढ्यावर गेलो, अळ्या बघायला. तिथे एक सापडली: टाकलेल्या कातींचा आणि स्वतःच्या विष्ठेचा गोळा दुबेळक्या शेपटीवर घेऊन बसलेली. काडी लावली, तर तिने तो गोळा छत्रीसारखा काडीकडे वळवला. घाणेरडी युक्ती, पण मुंग्यांवर चालते म्हणे.

टाचणीखालच्या चिठ्ठीवर शेवटी कॅसिडिनीतल्या एका प्रजातीचं नाव लिहिलं: अ‍ॅस्पिडिमॉर्फा, जाती अनिश्चित. खाली पेन्सिलीने: जिवंतपणी सोनेरी.