गाडीला टायर घेताना: एकच सेट की दोन?

चारही टायर बदलायला आले तेव्हा जर्मनीतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, ताई दोन सेट घे, थंडीचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा. तिकडं ते बरोबरच आहे, रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर कायद्यानंच लागतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह पाहिजेच. साधारण ७ अंशाच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, पकड जाते, हिवाळीचं मऊ राहतं. पण कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटेसुद्धा एवढी थंडी कुठं असते? उलट मेमधल्या तापलेल्या डांबरावर ते मऊ रबर भराभर झिजणार.

माझा खरा प्रश्न पावसाचा होता. माहेर वैभववाडीला, म्हणजे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा आणि जुलैत तिथं पाऊस नुसता कोसळत असतो. मग पावसाळ्यापुरता वेगळा सेट ठेवावा का? उद्यमनगरात एका दुकानात विचारलं तर म्हणाले, वहिनी ऑल टेरेन टाका. पण त्याच्या मोठ्या गुट्ट्या चिखल-दगडासाठी असतात, ओल्या डांबरावर त्या जास्त धरतीलच असं नाही, वर आवाज येतो, अ‍ॅव्हरेज पण पडतं, आम्ही तर कायम डांबरीवरच. पावसात काम असतं खाचांचं, त्यांनी पाणी बाहेर ढकललं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग काहीच ऐकत नाही. कायद्यानं खाचेची खोली झिजून १.६ मिमीपर्यंत आली तरी चालते, टायर झिजून खाचेतल्या छोट्या उंचवट्याला टेकला की संपलाच समजायचं, पण घाटातल्या पावसाला एवढ्यावर भरवसा नको, मी ३ मिमीलाच बदलायचं ठरवलं.

तर एकच सेट घेतला, साधे रोडचे टायर, कंपनीनं दिलेलीच साइज, ओल्या रस्त्यावरची पकड चांगली असलेले. दुसरा सेट फ्लॅटमध्ये ठेवणार कुठं आणि दरवेळी काढ-घालीचा खर्च वेगळाच! घेताना बाजूवरचा डीओटी नंबर मात्र आवर्जून बघा, शेवटचे चार आकडे ३२२४ असले तर टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. पहिले दाखवलेले जुने निघाले, मी ताजे मागवून घेतले, दोन दिवस थांबायला काय जातंय. व्हॉल्व्ह नवीन टाकले, अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घेतलं. हवा टायर गार असताना, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरते. आता मेअखेरीला खाचा मोजायच्या आणि पुढचे जास्त झिजलेले दिसले तर मागं-पुढं करून घ्यायचे.