कावळा लगेच शिवला

रविवार म्हणून दादाकडे गेले होते. वहिनी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगदी समाधानानं गेले हो. कावळा अर्ध्या मिनिटात शिवला." मी कोथिंबीर निवडत होते. काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकतेय हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पिंडदानाच्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर दादा पूर्ण तयारीनं आला होता. कावळा नाहीच आला तर काय काय कबूल करायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. आईला सांभाळू, गावच्या जागेचं मार्गी लावू. (जागेचं जाऊ दे.) तेवढ्यानंही नाही जमलं तर दर्भाचा कावळा होताच. आमच्या शेजारचं कुटुंब पाऊण तास ताटकळलं होतं. त्यांच्यातले एक काका झाडाकडे बघत, हात जोडून "सगळं तुमच्या मनासारखं करू" असं परत परत म्हणत होते. आणि आमचा दादा पिंड ठेवून मागे सरतो न सरतो तोच कावळा खाली! सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कुणीतरी घड्याळही बघितलं. मला मात्र तोंडावर दार लावल्यासारखं झालं.

म्हणजे माझ्यात नानांचं काहीच अडकलं नव्हतं? दिवाळीत मी जे बोलले, तेही नाही? निदान पाच मिनिटं तरी. मीही मनातल्या मनात एक गोष्ट कबूल करणार होते. वाक्य जुळवत होते तोवर सगळे चपला घालायला लागले.

नाना रोज दुसरा अध्याय म्हणायचे. कृष्णाचा उपदेश तिथे सुरू होतो तोच 'अशोच्यान्' या शब्दानं. ज्यांचा शोक करायचा नाही त्यांचा करतोयस. आजी गेली तेव्हाही त्यांनी तो श्लोक सगळ्यांना समजावून सांगितला आणि मग न्हाणीघरात नळ सोडून अर्धा तास बसले.

मला नामदेव जवळचे वाटतात. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वर आपण होऊन समाधीत बसले. वय २१. त्यांच्याइतकं काहीच मागे न उरलेला माणूस दुसरा कोण असणार? तिथे कावळ्याचं कामच नव्हतं. तरी त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग म्हणजे नुसता आकांत आहे. निवृत्तिनाथ, थोरला भाऊ आणि वर गुरू, त्यांनाही त्यात धीर धरवत नाही. म्हणजे गेलेल्याचं काही राहिलं म्हणून आपण रडत नाही. त्याचं सगळं आटोपलेलं असतं. आपलंच वाक्य अर्धवट असतं, आणि आपल्या इच्छेसाठी कुठलाच कावळा येत नाही.

लेक मानसशास्त्र शिकते. परवा तिनं सांगितलं, फ्रॉइडनं १९१७ मध्ये लिहिलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेण्याचं काम. ते झालं की माणूस मोकळा. पुढे १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूनं गेली. १९२९ मध्ये, ती असती तर ३६ वर्षांची झाली असती तेव्हा, त्यानं एका मित्राला कळवलं की ती जागा भरून येत नाही आणि तेच बरोबर आहे. त्याला एवढी वर्षं लागली. मला अजून महिना व्हायचाय, आणि जो तो म्हणतो, मोकळी हो.

हे लिहिता लिहिता एक आठवलं आणि एकटीच हसले. कावळ्यानं पहिली चोच पिंडाला मारलीच नव्हती. वहिनीनं शेजारी बटाटेवडा ठेवला होता, तो उचलला. गडबडीत पंख पिंडाला लागला आणि गुरुजी "शिवला, शिवला" म्हणाले. नानांचं तळलेलं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांनी समोर वडा आल्यावर हा माणूस लेकीच्या बोलण्यासाठी थांबेल? जिवंतपणी कधी थांबले होते?

गुरुवारी मासिक आहे. दादा म्हणतो, एवढ्या लांबून येऊ नकोस, आम्ही सकाळीच उरकून टाकतो. मी जाणार आहे. या वेळी वडा नाही, कांदाभजी नेणार. भजीला हात लावण्याआधी नाना "तेल कुठलं वापरलंय?" असं नक्की विचारायचे. तेवढ्यात माझं बोलून होईल.