चर्च थंड होतं म्हणे

१७ सप्टेंबर, रात्री

दिवसभर चिडचिड होतेय, आणि जिच्यावर होतेय ती बाई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. म्हणजे राग काढायचीही सोय नाही.

आज संत लाम्बेर्टुसचा सण. वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीला जाताना बेकरीतून आलूबुखाऱ्याच्या केकचे दोन तुकडे घेतले. सप्टेंबर आला की इकडे जर्मनीत जिकडेतिकडे हाच केक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या चर्चचा हा सण, आणि त्यांना तो सण आहे असं म्हणणारं आता कोण असणार, असं वाटलं. वसईच्या माणसाला चर्चचा सण म्हणजे काय ते सांगायला नको. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, रोषणाई, घरात पाहुण्यांना झोपायला जागा नाही, नवा फ्रॉक उसवतोय आणि आई सुई शोधतेय. आजींच्या गावी, इमेरातला, असं काही व्हायचं का, मी कधी विचारलं नव्हतं. गृहीत धरलं.

म्हटलं, "आज लाम्बेर्टुस ना? तुमच्या चर्चचा सण."

त्यांनी केककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फार थंडी असायची हो त्या चर्चमध्ये," म्हणाल्या. "आणि वर घ्यायला क्रीम नाही मिळालं का?"

झालं. एवढंच. गोळ्या दिल्या, रक्तदाब लिहिला, पुढच्या खोलीत गेले. पण ते थंडीचं वाक्य घशात अडकल्यासारखं झालं. अरे, थंडी? कोळशाच्या खाणीसाठी तुमचं चर्च नकाशावरून गेलं, आणि तुम्हाला आठवते ती थंडी?

मी ते चर्च पाडतानाच्या चित्रफिती किती वेळा पाहिल्यात, देव जाणे. दोन मनोरे, इतके मोठे की जेमतेम हजार-बाराशे वस्तीच्या त्या गावात ते चर्च अंगापेक्षा मोठं वाटावं. म्हणूनच लोक त्याला इमेरातचा डोम म्हणायचे, जणू बिशपांचं कॅथेड्रलच. १८८८ ला बांधायला घेतलं, १८९१ ला पुरं झालं. दुसऱ्या महायुद्धात मोडतोड झाली, ती लोकांनी दुरुस्त करून घेतली. म्हणजे युद्धातून निभावलं आणि कोळशाने गेलं. २०१८ च्या जानेवारीची ८ तारीख. ग्रीनपीस या पर्यावरणवाल्या संघटनेची पोरं आधी आत शिरली, यंत्रांवर चढली, काही तास काम थांबलं. मग मनोरे खाली. यंत्राचा जबडा भिंतीला चावे घेत जातो, आणि मध्येच छताखालचा एक कमानीचा तुकडा उघडा पडतो, आतला रंग अजून स्वच्छ. मला दर वेळी तिथेच थांबवावं लागतं.

आजींना मागे एकदा विचारलं होतं, तुम्ही त्या दिवशी तिथे होतात का. नव्हत्या. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती.

दाताच्या डॉक्टरांची!

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मग काय करणार होत्या, तिथे उभं राहून थंडीत रडणार होत्या? ह्यांना सगळं सोपं असतं. कुंभारापेक्षा गाढव शहाणं, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण कोण गाढव ते ठरवता आलं नाही.

तसं पाहिलं तर पाडलं तेव्हा ते चर्च राहिलंच नव्हतं. २०१३ च्या ऑक्टोबरात शेवटची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली. अशा वेळी बिशपांचा हुकूम वाचून दाखवतात, साक्रामेंत, म्हणजे पवित्र भाकर, बाहेर नेतात, वेदीजवळचा कायम तेवणारा दिवा विझवतात, वेदीत संताचे अवशेष असतील तर काढून घेतात. मग उरते ती इमारत. कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, त्याला १२२२ नंबरचं कलम आहे. तेही बजावतं की चर्च देवाच्या कामाचं राहिलं नाही तर दुसऱ्या कामाला द्यावं, पण ते काम हीन नसावं. आता खड्डा खणणं हीन की कसं, हे आमच्या धर्मग्रामातल्या फादरना विचारलं असतं तर त्यांनी चहा मागवला असता आणि विषय बदलला असता.

खड्डा म्हणजे तरी काय. गार्त्सवायलरची ती लिग्नाइटची खुली खाण. तपकिरी, ओलसर, जाळला तर धूरच जास्त असा कोळसा. आरडब्ल्यूई कंपनी तो काढते आणि जवळच्याच वीजकेंद्रांत जाळते. मागे एका रविवारी आम्ही तिघं बसने जाऊन कठड्याशी उभे राहिलो होतो. पलीकडची कड धुक्यात. खाली ती चाकाची यंत्रं, लांबून धाकटीच्या खेळण्यातली वाटतात. त्यातलं बागर २८८ तेरा हजार टनांचं आहे. २००१ साली त्याला दुसऱ्या खाणीतून इकडे आणलं तेव्हा बावीस किलोमीटरला तीन आठवडे लागले. वाटेत हमरस्ता आला, नदी आली, रूळ आले, सगळ्यांवरून ते सावकाश चालत आलं. लोक खुर्च्या टाकून बघत बसले होते म्हणे. यंत्रासाठी रस्ता होतो, हे मला त्या दिवशी फार लागलं. धाकटी म्हणाली, आई, आईस्क्रीम.

आजींच्या गावातली माणसं मात्र चर्च पाडायच्या आधीच हलली. एर्केलेन्त्सजवळ नवं इमेरात वसवलंय. नाव तेच, पाटीवर पुढे कंसात "नवं". सरळ रस्ते, प्रत्येकाच्या दारात गॅरेज, आणि लहानसं चॅपेल. दफनभूमीसुद्धा हलवली. आजींचे यजमान जुन्या गावात पुरलेले होते, त्यांनाही नेलं. "त्याला सामान हलवायचा भारी कंटाळा," आजी म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर एकाच घरात राहिला, आणि मेल्यावर घर बदलावं लागलं." हे सांगताना त्या हसत होत्या. मी नाही हसले. आमच्याकडे जागा नाही म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात, दुसऱ्याला देतात. पप्पांची... ते राहू दे आज.

तर मुद्दा थंडीचा. मला इतकं का लागावं? माझं कुठलं काय गेलं? लहानपणी वसईच्या किल्ल्यात सहलीला जायचो. छप्पर उडालेली चर्चं, भिंतीतून पिंपळ, पायाखाली पोर्तुगीज कबरींचे दगड, त्यावर बसून आम्ही चिक्की खायचो. १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, त्यानंतर ती ओस पडत गेली, पण आहेत. पडकं का होईना, बोट दाखवता येतं. इमेरातला बोट दाखवायचं कुठे? हवेत? जमीनच गेली खालची. मला वाटतं माझा राग तिथे आहे, आणि आजी तो माझ्याबरोबर करायला तयार नाहीत, म्हणून त्यांच्यावर निघतोय. किंवा मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, कोणीतरी आपल्या गावासाठी रडतंय हे बघायला मिळालं तर बरं वाटेल, असं काहीतरी. मी एकटीच का म्हणून. दर रविवारी दहा माणसांच्या मिस्साला बसायचं, जर्मनमध्ये पुटपुटायचं, ऑर्गन वाजतो तोही जणू कोणाची झोप मोडू नये म्हणून. पाडायला खाण लागत नाही इकडे. आपोआपच चाललंय.

आणि कायेनबेर्गचं तर अजूनच उफराटं. तेही गाव खाणीच्या वाटेवर होतं. लोक निघून गेले, २०२१ च्या नोव्हेंबरात तिथल्या चर्चचीही शेवटची मिस्सा झाली. आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सरकार आणि कंपनी यांचं ठरलं की इथला कोळसा २०३० लाच थांबवायचा, कायेनबेर्ग धरून वाटेवरची पाच गावं राहू द्यायची. शेजारची ल्युत्सरात वस्ती तेवढी गेली, २०२३ च्या जानेवारीत, चिखलात पोलीस आणि खाणीला विरोध करणारी पोरं. पण कायेनबेर्ग राहिलं. म्हणजे चर्च उभं, आणि त्यात गुडघे टेकणारी बहुतेक माणसं नव्या गावात गॅरेजच्या दारांमागे. परत या म्हटलं तर किती येणार? आजींना विचारलं होतं, इमेरात वाचलं असतं तर गेला असतात का परत. त्या म्हणाल्या, त्या जिन्यांवरून? गुडघे तुमचे देणार का?

पाळी संपवून ट्राममध्ये बसले तोच आईचा फोन. तिकडे साडेसहा वाजलेले, मागून रोझरीचा आवाज. आपल्या चर्चमध्ये एसी बसवतायत, आई म्हणाली, अगदी आनंदात. त्यासाठी खाली खोटं छत करणार. म्हणजे ते जुनं लाकडी छत झाकलं जाणार, ज्याकडे बघत मी अख्खी बालपणीची प्रवचनं काढली! मी बोललेच. ते छत म्हणजे चर्चचं अर्धं रूप आहे, असं कोण करतं, कोणाला काही वाटत नाही का, वगैरे. ट्राममधल्या दोघांनी वळून पाहिलं.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला काय जातं बोलायला. तू येतेस डिसेंबरात, शाल पांघरून, फोटो काढायला. मे महिन्यात ये, आणि पहिल्या कम्युनियनच्या मिस्साला दोन तास बसून दाखव. मागच्या वर्षी कॉयरमधली एक पोर चक्कर येऊन पडली."

यावर काय बोलणार. तिसऱ्या मजल्यावर बसून आजींनी हे ऐकलं असतं तर खुर्चीत टाळ्या वाजवल्या असत्या. दोघींची गाठ घालून द्यायला हवी. एकीला थंडी, एकीला उकाडा, आणि मधल्या मधे मी, छत सांभाळत.

"किती द्यायचेत?" मी विचारलं.

"घरामागे पाच हजार. आणि भिंतीवर पाटी लावणार आहेत देणगीदारांची. नाव कोणाचं घालू, तुझं की पप्पांचं?"

पप्पांचं घाल म्हटलं. ते एसीला जन्मभर नावं ठेवत आले.