१ जून

हेडमास्तरांनी दाखलखारीज रजिस्टर टेबलावर ठेवलं तेव्हा त्याच्या पुठ्ठ्यातून वाळवीची माती सांडली. जून १९९८ चं पान निघालं. नाव सापडायला वेळ लागला नाही. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून १९९२. वरच्या मुलाची १ जून, खालच्या मुलीचीही १ जून.

"आमच्याकडं सगळी पोरं एक जूनलाच जन्मतात," हेडमास्तर म्हणाले. "सहा पूर्ण लागायची ना पहिलीला. मास्तर सहा वर्षं मागं मोजायचे आणि तारीख टाकायचे. माझीपण एक जूनच आहे."

फेब्रुवारी २०२३ चे दिवस होते. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. अर्ध्या घरांना कुलपं होती, कारण माणसं ऊसतोडीला साखर कारखान्याला गेलेली. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाचं आयुष्य शोधायचं आणि ते न्यायालयासमोर ठेवायचं, हे माझं काम. कोर्टकचेरीत त्याला मिटिगेशन म्हणतात. गावात गेलं की मी एवढंच सांगते, "त्याच्याबद्दल माहिती घ्यायला आले." (हा माणूस, गाव, घरातली माणसं ओळखू येतील असं काही इथं लिहिलेलं नाही.)

गुन्हा ऑगस्ट २०११ चा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चोरीसाठी घरात शिरून एका म्हाताऱ्या बाईंचा खून झाला होता. त्या एकट्या राहायच्या. शवविच्छेदनाचा अहवाल मी दोनदा वाचलाय, तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक ओळ आहे : एक काच फुटलेला चष्मा. हे काम करताना ती ओळ मी डोक्यातून जाऊ देत नाही. मारणाऱ्याच्या आयुष्याची किंमत सांगायला निघालेल्या माणसानं आधी मेलेल्याच्या आयुष्यापुढं उभं राहिलं पाहिजे, नाहीतर त्याच्या बोलण्याला काही वजन राहत नाही.

खटला चालला, दोषी ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी शिक्षेवर सुनावणी झाली. बचावाच्या बाजूनं नोंद दोन ओळींची : आरोपी तरुण आहे, आईवडील म्हातारे आहेत. फाशी. पुढं उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध एक अशा मतानं फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण ती विरळातल्या विरळ प्रकरणातच द्यावी आणि नुसता गुन्हा न पाहता गुन्हेगारही पाहावा असं सांगितलं. माणूस सुधारण्याच्या पलीकडे गेलाय हे दाखवायची जबाबदारी सरकारवर टाकली. माणूस पाहायचा तर तो आधी कुणीतरी शोधून आणायला हवा ना? मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट बजावलं : आरोपीचं घर, बालपण, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वागणं, ही सगळी माहिती खालच्या कोर्टापासूनच गोळा व्हायला हवी. आमच्या प्रकरणात ती अकरा वर्षांनी, शेवटच्या पायरीवर गोळा होत होती.

तुरुंगातल्या तिसऱ्या भेटीत तो सहज बोलून गेला, "मी भूकंपाच्या सालचा." मी वहीतून मान वर केली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्या सालाचा असेल तर ऑगस्ट २०११ मध्ये त्याला अठरा पूर्ण झालेली नसतीलही. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर फाशी देताच येत नाही, आणि तेव्हाच्या बाल न्याय कायद्यानं फार तर तीन वर्षं सुधारगृह. वयाचा मुद्दा कधीही, अगदी शेवटच्या निकालानंतरही मांडता येतो. पण पुरावा लागतो. आधी शाळेचा कागद, तो नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. ग्रामपंचायतीत त्याची नोंद नव्हती. शाळेचा कागद समोर होता, आणि त्याच्या हिशेबानं तो गुन्ह्याच्या दिवशी एकोणीस वर्षं दोन महिन्यांचा होता.

मी रजिस्टर मिटायला लागले, तेवढ्यात हेडमास्तरांनी पानावर बोट ठेवलं. "हे खालचं नाव बघा. बाप तोच, आडनाव तेच." त्याच्या पुढच्याच अनुक्रमांकावर एका मुलीचं नाव. तिचीही जन्मतारीख १ जून १९९२.

"जुळी होती का?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. फोटो काढले, साक्षांकित प्रतीसाठी अर्ज दिला. त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागेल म्हणाले, ते मी दुसऱ्या दिवशी आणलं. पण तेव्हा मात्र मी जवळजवळ पळतच त्याच्या घरी गेले.

त्याची आई पत्र्याच्या सावलीत बाजरी निवडत होती. कंबर गेल्यापासून ती कारखान्याला जात नाही. मुलाचं नाव काढलं की ती बोलायची थांबते, हे फोनवरून मला कळलं होतं. म्हणून मी भूकंपापासून सुरुवात केली.

"मावशी, भूकंप झाला त्या रात्री तुम्ही कुठं होता?"

"हितंच की. आदल्या दिशी गणपती बुडवले व्हते. पहाटं उतरंड हालली, मडकी खाली आली. सासू वरडली, पोटुशी बाई हाय, तिला आधी भाईर काढा. सहावा लागला व्हता मला. मग आठ दिस समदे भाईरच निजलो."

"आणि बाळ कधी झालं?"

"फडात झालं. कोपीत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी, करीला. सासू म्हणली, करीचं पोर हाय, नशीब खोटं निघंल." जरा थांबून म्हणाली, "तिचं तोंड खोटं पडावं म्हणून म्या लई देव केले."

करिदिन म्हणजे १५ जानेवारी १९९४. मोठी बहीण १९९२ च्या आखाडातली, दीड वर्षानं थोरली. १९९८ साली दोघांना आजीजवळ ठेवून आईबाप कोयता घेऊन जाणार होते. धाकट्याला घरात सांभाळायचं कोण, म्हणून त्यालाही बहिणीसोबत शाळेत बसवला. साडेचार वर्षांचा. मास्तरांनी दोघांना एकच तारीख दिली. आईच्या सांगण्याप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी तो सतरा वर्षं सात महिन्यांचा होता.

मी तिला समजावून सांगितलं. अठरा भरायला पाच महिने कमी होते; जुळी नसताना दोघांची एकच तारीख, म्हणजे रजिस्टर स्वतःच खोटं ठरतंय. मला किती आनंद झाला होता हे माझ्या आवाजावरून तिला कळलं असणार. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पाच महिने कमी भरले म्हणून जगंल?"

"हो मावशी, तसं झालं तर."

"आन् भरले असते तर?"

मी गप्प बसले. ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. अठराची रेघ कुठंतरी ओढावीच लागते, आणि ती ओढलेली असावी असंच माझं ठाम मत आहे. पण त्या सकाळपासून मी फक्त तारीख शोधत होते. एकोणीस भरले असते तर हा कोण होता, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि म्हटलं, "मावशी, तो दहा वर्षांचा असताना कसा होता ते सांगा."

दोन तास ती बोलली. फडात वाढं गोळा करणारा पोरगा. मुकादमानं उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशावरून बापाला सगळ्या टोळीसमोर मारलं, तेव्हा हा गाडीखाली लपून बसला होता. चौथीनंतर शाळा सुटली. बारा वर्षांचा असताना मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचा, एकदा पडला, डोक्याला लागलं, तीन दिवस शुद्ध नव्हती. त्यानंतर तो रागीट झाला असं बहिणीनं सांगितलं. दवाखान्याचा कागद कुणीच जपला नव्हता, पण त्या टोळीतली दोन माणसं अजून आहेत, त्यांची नावं मी लिहून घेतली. यातली एकही गोष्ट खटल्यात आली नव्हती. यातल्या कशानंही तो खून पुसला जात नाही, आणि तसं मी अहवालात कुठंही लिहिलेलं नाही.

२००९ साली आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं फाशी सुनावली होती. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. आणि मी गावाहून परतल्यावर पुढच्याच महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडातला फाशीचा कैदी अठ्ठावीस वर्षांनी सुटला. राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यानुसार गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते वाळवी लागलेलं पान होतं. वाळवी अजून थोडी आत गेली असती तर?

पण आमच्या माणसाचं वय सिद्ध झालं तर तो बाहेर येईल, आणि त्या बाईंच्या मुलाला ते कुणीतरी सांगेल. त्याला काय वाटेल हे मला कळतं. त्याला समजावण्याचा हक्क मला नाही असं वाटतं, आणि तरी मी हे काम सोडणार नाही.

निघताना आई दारापर्यंत आली.

"बाई, त्या म्हातारीचं नाव काय व्हतं? इतकी वर्सं झाली, समदे 'मयत' 'मयत' म्हणत्यात."

मी नाव सांगितलं. तिनं एकदा म्हणून पाहिलं, आडनावाला अडली. मग आतून वीजबिल आणलं आणि माझ्यापुढं धरलं, त्याच्या पाठीवर लिहून द्या म्हणाली. तिला वाचता येत नाही. घरातल्या नातीनं कागद हातात घेतला आणि आडनावासकट, मोठ्यानं वाचून दाखवला. आजीनं तो परत घेतला, घडी घातली आणि देव्हाऱ्यातल्या डबीखाली ठेवला.