आजी समितीत आल्या तो दिवस

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत शाळा व्यवस्थापन समितीचं गणित पहिल्यापासूनच जमत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तरतूद चांगलीच आहे. पण बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवरचे हे पालक दिवाळीच्या आगेमागे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाबरोबर बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडावरच असतात. शाळा मात्र चालू असते. अनुदानाचा खर्च मार्चच्या आत उरकायचा असतो, मागे राहिलेल्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह चालवायचं असतं, आणि नेमकी त्याच महिन्यांत मुलं शाळेतून गळतात. ज्यांनी हे सगळं पाहायचं, ते सदस्य तेव्हा गावातच नसतात.

समिती सदस्यांना प्रशिक्षण देणं हे माझं काम. त्या दिवशी एका वाडीवरच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पालकसभा होती. जुन्या समितीची दोन वर्षं संपली होती, नवी निवडायची होती. अशा सभा कशा होतात हे मला पाठ आहे. मुख्याध्यापक नावं वाचतात, कोणीतरी सूचक होतं, कोणीतरी अनुमोदक, वहीवर सह्या पडतात आणि लोक कामाला जातात. इथेही नावं वाचून होत आली होती. सगळी तरुण आई-वडिलांची.

मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, ही तर समदी महिनाभरात तोडीला जातेत. मग समिती कोन चालवनार?"

मुख्याध्यापक म्हणाले, "आजी, नियमात पालकच लागतात. आई नाहीतर वडील."

"लेकरं सहा महिने माझ्याजवळ ऱ्हातेत. आंघोळ म्या घालते, शाळेत म्या धाडते, ताप आला तर दवाखान्यात म्या नेते. मग म्या कोन?"

माझ्या पिशवीत कायद्याची पुस्तिका होती. कलम २ काढून मी मोठ्याने वाचलं. मुलाची देखभाल आणि ताबा ज्याच्याकडे आहे, त्याला कायदा पालनकर्ता म्हणतो, आणि कलम २१ मध्ये आई-वडिलांच्या जोडीला पालनकर्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला समितीवर यायचा हक्क २०१० च्या १ एप्रिलपासून, कायदा लागू झाला त्या दिवसापासून आहे. मुख्याध्यापकांनी पुस्तिका हातात घेऊन ते कलम स्वतः वाचलं. माणूस सरळ होता. म्हणाले, "मला आजवर जो नमुना आला, त्यात फक्त 'पालक' एवढंच लिहिलेलं होतं."

सगळे लगेच राजी झाले असं नाही. एक तरुण वडील उठले. बोलणं उर्मट नव्हतं, काळजीचं होतं. "आजी, तुमचा मान हाय. पण तुम्हाला वाचता येत न्हाई. पोरगं शिकतंय का न्हाई, हे तुम्हाला कसं कळावं?"

माझ्या मते पालकसभेत मुलांचं वाचन ऐकलंच पाहिजे, त्याशिवाय बाकीची चर्चा अधांतरी राहते, म्हणून ते आधीच ठरवलेलं होतं. तिसरीतला एक मुलगा पुढे आला आणि त्याने पुस्तकातला धडा खणखणीत आवाजात वाचला. कुठे अडखळणं नाही. वडीलमंडळी खूश झाली. आजींनी त्याला जवळ बोलावलं, पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये काय हाय?"

मुलगा गप्प. आजींनी बोट खाली सरकवलं. "आन् ह्ये?"

मुलाने पुन्हा धड्याची पहिली ओळ म्हणायला घेतली. आजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवून थांबवलं आणि आमच्याकडे पाहिलं. "पोरगं हुशार हाय. पाठ म्हनतंय. वाचत न्हाई."

त्यांना स्वतःला तो शब्द वाचता येत नव्हता. पण मुलाची नजर ओळीबरोबर सरकत नाही, हे त्यांनी बसल्या जागेवरून टिपलं होतं. वाचन-चाचणीत आम्ही मुद्दाम मुलांना न पाहिलेला उतारा देतो, तो याच कारणाने. मी इतकी वर्षं हे प्रशिक्षणात समजावून सांगते, आणि इथे एका बाईने ते एका बोटाने करून दाखवलं. मग त्या तरुण वडिलांनीच आणखी मुलांना बोलावलं, आणि बायकांनी एकेकाला जवळ घेऊन पानावर कुठेही बोट ठेवत ऐकायला सुरुवात केली. काही मुलं छान वाचत होती. बरीच अक्षरांवर अडली होती. पाचवीतल्या एका मुलीला जोडाक्षरं येत नव्हती. तिची आई रडवेली झाली, आणि दुसऱ्या शिक्षिका तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' संस्थेबरोबर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या ग्राम शिक्षण समित्यांबद्दल बहुतेक पालकांना पत्ताच नव्हता, काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेही माहीत नव्हतं. गावांत बैठका घेऊन समितीचे हक्क सांगितले, तरी शाळेत फरक पडला नाही. फरक पडला तो गावातल्याच स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले तिथे, त्या वर्गांना बसलेल्या मुलांच्या वाचनात. माझा अनुभव याच्याशी जुळतो. 'तुम्हाला हक्क आहे' असं नुसतं सांगून कोणी उठत नाही. आपलं मूल कुठे अडलंय हे डोळ्यांनी दिसलं आणि त्यावर आपल्या हातून होण्याजोगं एखादं काम समोर आलं, की माणसं हलतात.

त्या दुपारी तसंच झालं. नवी समिती ठरली तेव्हा तिच्यात नातवंडं सांभाळणाऱ्या आजी आल्या, एक आजोबा आले, आणि तोडीला न जाणारी एक आई अध्यक्ष झाली. त्या बोट ठेवणाऱ्या आजी उपाध्यक्ष. तोडीला जाणारे पालकही समितीत राहिले, त्यांचं मत फोनवर घ्यायचं ठरलं. शाळा विकास आराखडा कलम २२ प्रमाणे समितीने करायचा असतो. मुख्याध्यापकांच्या मसुद्यात पहिली मागणी रंगरंगोटीची होती. ती खाली गेली. वर आला संध्याकाळचा वाचनाचा तास. बारावी झालेल्या दोन मुली तो घ्यायला तयार झाल्या, आणि शिक्षिका त्यांना दर आठवड्याला काय घ्यायचं ते सांगणार असं ठरलं.

खरा खल झाला तो वसतिगृहावर. हंगामी वसतिगृह ही शाळा व्यवस्थापन समितीच चालवते. मुलं आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत होतं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. आईला मागे काय व्यवस्था होणार हे माहीत नसेल, तर ती मुलाला बरोबरच नेते, आणि तिचं काही चुकत नाही. आजींचं म्हणणं साधं होतं: याद्या टोळी निघायच्या आधी करा, प्रस्ताव आत्ताच पाठवा, आणि मधले आठवडे गावाने निभावायचे. कोणत्या घराने किती मुलं सांभाळायची हे तिथल्या तिथे ठरलं. इतिवृत्त सगळ्यांसमोर लिहिलं गेलं, मोठ्याने वाचलं गेलं आणि मगच सह्या-अंगठे झाले. यापुढची प्रत्येक बैठक संध्याकाळी घ्यायची, हाही ठराव झाला. सकाळी अकराला येणं कुणालाच परवडत नव्हतं.

या एका सभेने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची असते तिथे शाळेचं काही चालत नाही. काही मुलं तरीही फडावर गेली. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागतंच, आणि ते काम बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येतं. हा भार कोणत्याही समितीने एकटीने उचलण्याजोगा नाही. तो सरकारनेच उचलला पाहिजे, टोळ्या निघायच्या आधी, दरवर्षी.

जी मुलं गेली त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी कार्डं भरून दिली, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता यावं. आधीही कार्डं दिली जायची. या वेळी अध्यक्षबाईंनी कार्डांच्या नोंदीवरून त्या शाळांचे नंबर मिळवले आणि एकेका मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं: आमची लेकरं तुमच्या हजेरीवर आली का, आणि आली असतील तर त्यांना कोणत्या वर्गात बसवलंय?